वायफाय गेले? आधी ‘केस हिस्ट्री’ लिहा

तालुक्याच्या गावी राहणारे एक निवृत्त शिक्षक. पत्नीला उच्च रक्तदाब, मुलगा नोकरीसाठी पुण्यात. दर महिन्याला ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलायचे आणि वहीत टिपलेले रक्तदाबाचे आकडे वाचून दाखवायचे, हा घरचा शिरस्ता. मोबाइलवर चेहरा नीट दिसत नाही, म्हणून लॅपटॉप. एका सकाळी लॅपटॉप सुरू झाला, पण वायफायची खूणच गायब. शेजारचा म्हणाला, ‘फॉरमॅट मारा.’ दुकानदार फोनवरच म्हणाला, ‘कार्ड गेलंय, नवं टाकू.’ दोघांनीही लॅपटॉप पाहिलेला नव्हता. तपासणीआधीच उपचार सांगण्याची सवय फक्त औषधांच्या बाबतीत असते असे नाही.

या लॅपटॉपवर मुलाने दिवाळीच्या सुट्टीत लिनक्स घातले होते. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा धडधाकट यंत्रांना लिनक्समुळे आणखी काही वर्षे आयुष्य मिळते. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली आज मोठ्या सर्व्हरपासून अँड्रॉइड फोनपर्यंत सर्वत्र आहे. तरीही जुन्या लॅपटॉपवर तिचे घोडे अडते ते बहुधा वायफायपाशी.

त्याचे कारण समजण्यासारखे आहे. वायफाय चालायला तीन गोष्टी लागतात. पहिली, संगणकातील चिप. दुसरी, त्या चिपशी बोलणारा ड्रायव्हर. तिसरी फर्मवेअर, म्हणजे सुरू होताना चिपमध्ये भरला जाणारा छोटा प्रोग्राम. फर्मवेअर बहुतेक वेळा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचे असते. मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणाऱ्या काही लिनक्स आवृत्त्या ते सोबत देत नसत. डेबियनने २०२२ मध्ये सभासदांचे मतदान घेऊन हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत प्रतीतच मिळू लागले. काही जुन्या चिपचा ड्रायव्हर मात्र अजूनही वेगळा बसवावा लागतो.

‘वायफाय चालत नाही’ ही तक्रार ‘पोटात दुखतंय’ इतकीच मोघम आहे. कुठे, कधीपासून, कशाने वाढते, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिला प्रश्न : त्याच जागी मोबाइलला वायफाय मिळते का? मिळत नसेल तर दोष राउटरचा किंवा सेवा देणाऱ्याचा, लॅपटॉपचा नाही. दुसरा प्रश्न : नेमके काय होते? नेटवर्कची यादीच दिसत नसेल तर संशय ड्रायव्हर, फर्मवेअर किंवा बंद बटणावर. यादी दिसते पण जोडणी होत नसेल तर पासवर्ड तपासावा. जोडणी होते पण एकही संकेतस्थळ उघडत नसेल तर राउटरकडे पाहावे. मधूनच तुटत असेल तर दुबळा सिग्नल किंवा वीज वाचवण्याची सोय कारण असू शकते. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह सुरू केल्यावरच तुटत असेल तर तीही खूण आहे, कारण तो आणि २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय जवळपास एकाच लहरींवर चालतात.

मग येतात तपासण्या. टर्मिनल उघडून ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिली की वायफाय कुठे अडवले आहे ते कळते. ‘सॉफ्ट’ म्हणजे सॉफ्टवेअरने, ‘हार्ड’ म्हणजे यंत्रावरच्या बटणाने. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा चिपचे नाव सांगते. तिला ‘वजा एनएनके’ जोडले तर चार-चार अक्षरांचे दोन संकेतांक आणि वापरात असलेला ड्रायव्हरही दिसतो. ड्रायव्हरची ओळच नसेल तर निदान अर्धे झाले. यूएसबीला लावलेल्या वायफायच्या काडीसाठी ‘एलएसयूएसबी’ आहे. ‘डीमेसेज’मध्ये प्रणालीच्या नोंदी असतात, फर्मवेअर सापडले नाही तर ते तिथे उमटते. या आज्ञा फक्त माहिती दाखवतात, काही बदलत नाहीत. रक्त तपासल्याने रोग वाढत नाही, तसेच हे.

मदत मागताना एवढे लिहावे : लॅपटॉपचे मॉडेल, लिनक्सचे नाव व आवृत्ती, चिपचे नाव, तक्रार कधीपासून, त्याआधी काय बदलले आणि आतापर्यंत काय करून पाहिले. चुकीचा संदेश आला असेल तर तो जसाच्या तसा उतरवावा. वायफायचा पासवर्ड मात्र कोणालाही पाठवू नये; नोंदींमधील नेटवर्कचे नावही झाकावे.

दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे. ‘सुडो’ने सुरू होणारी आज्ञा संपूर्ण यंत्रावर अधिकार गाजवते. दुसऱ्याच्या लॅपटॉपसाठी सांगितलेली अशी आज्ञा आपल्याकडे चालवणे म्हणजे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घेणे. ती काय करते हे विचारावे, मगच चालवावी. आणि फॉरमॅट हा पहिला उपाय नव्हे. त्यात फोटो, कागदपत्रे, जुने अहवाल सगळे जाऊ शकते.

निदान होईपर्यंत तात्पुरता आधार हाताशी असतो. मोबाइल यूएसबी वायरने जोडून ‘यूएसबी टेथरिंग’ सुरू केले की बहुतेक लिनक्स संगणकांना त्याचे इंटरनेट मिळते, कारण या वाटेत लॅपटॉपची वायफाय चिप लागतच नाही. राउटरची वायर थेट लावली तरी काम होते.

शिक्षकांनी तेच केले. त्या दिवशीची भेट मोबाइलच्या वायरीवर पार पडली, डॉक्टरांनी एका गोळीचे प्रमाण बदलले. संध्याकाळी त्यांनी वहीत टिपलेली माहिती मुलाच्या मित्राला पाठवली. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘काका, काल अपडेट केलं होतं का?’ केले होते. अपडेटसोबत नवे कर्नल आले होते आणि या जुन्या चिपचा वेगळा बसवलेला ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नव्हता. लॅपटॉप सुरू होताना यादीतून आधीचे कर्नल निवडताच वायफायची खूण परतली. नव्या कर्नलशी जुळणारा ड्रायव्हर येईपर्यंत तेच वापरायचे ठरले.

नवे कार्ड लागले नाही, फॉरमॅटही लागले नाही. रक्तदाबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आता लॅपटॉपच्या नोंदी आहेत : तारीख, काय बदलले, काय झाले.