वादळातून वाचले, बंदुकीने गेले

मित्रांनो, आपल्या ई अँड टीसीवाल्यांना आवडेल अशी ही गोष्ट आहे, पण तिचा शेवट वाईट आहे.

व्हिम्ब्रेल हा लांब, खाली वाकलेल्या चोचीचा, किनाऱ्यावरच्या चिखलात खेकडे वेचणारा पक्षी. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या संशोधकांनी काही व्हिम्ब्रेलच्या पाठीवर सोलर सेलवर चालणारे चिमुकले ट्रान्समीटर बसवले. त्यातला ‘माची’ कॅनडा ते ब्राझील अशा फेऱ्या मारत ४० हजार किलोमीटरहून जास्त उडाला. सॅटेलाइटने ते सगळं टिपलं. २०११ साली माची ‘मारिया’ वादळातून आणि ‘गोशेन’ हा दुसरा पक्षी ‘आयरीन’ चक्रीवादळातून सुखरूप बाहेर पडला. मग १२ सप्टेंबरला ग्वाडेलूप या फ्रान्सच्या कॅरिबियन बेटावर दोघेही गोळीला बळी पडले. शिकार तिथे कायदेशीर होती!

आता प्रश्न पडतो, नेमकं तिथेच का? समुद्रावर वादळ आलं की थकलेले थवेच्या थवे मिळेल त्या बेटावर उतरतात. बेटावर पाणथळ जागा मोजक्या, आणि त्या शिकाऱ्यांना पाठ. बरं, व्हिम्ब्रेलची मादी वर्षाला साधारण चारच अंडी घालते, त्यामुळे झालेली तूट लवकर भरून निघत नाही. एस्किमो कर्ल्यू हा त्याचाच भाऊबंद एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी बेसुमार मारला गेला. ४ सप्टेंबर १९६३ रोजी बार्बाडोसमध्ये एक मारला गेला, त्यानंतर तो पक्षी दिसल्याचा पक्का पुरावा नाही.

पण शिकाऱ्यांना नुसत्या शिव्या घालून भागत नाही. बार्बाडोसमधली कित्येक तळी शिकारीसाठीच राखलेली आहेत. शिकारी गेले आणि तळी बुजली, तर पक्षी उतरणार कुठे? म्हणून बंदूक थांबवायची आणि तळं मात्र राखायचं, अशी दोन्ही कामं करावी लागतात.

मला तर हे सिरीज सर्किटसारखं वाटतं. अमेरिका आणि कॅनडात कायद्याने संरक्षण आहे, पण वाटेत एका ठिकाणी जरी सर्किट तुटलं तरी दिवा पेटत नाही.

व्हिम्ब्रेल हिवाळ्यात आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरही येतो. सुट्टीत तिकडे गेलात तर ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाकडे जरा बघा. आणि कुणी जाळं किंवा फासे लावलेले दिसले, तर वनखात्याला कळवायचा कंटाळा करू नका.