खाऱ्या पाण्यावरचे पाहुणे

बोम्मसंद्रा परिसरातले तलाव गोड्या पाण्याचे. त्यांत मासे असतात, म्हणून काठावर पाणकावळे, बगळे, खंड्या दिसतात. सुटीत महाराष्ट्रात जाणाऱ्या छात्रांनी बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर जरूर पाहावे. तिथला हिशेब उलटा आहे.

काळ्या बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने पडलेला हा खड्डा सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. 2020 मध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. झरे आणि पावसाचे पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. पाण्याचा सामू 10 च्या आसपास असतो. अशा पाण्यात मासे तग धरत नाहीत. शेवाळ, सूक्ष्मजीव आणि कीटकांच्या अळ्या मात्र अमाप वाढतात. त्यांत वाटा मागणारे मासेच नसल्याने पक्ष्यांना आयती मेजवानी मिळते.

हिवाळ्यात इथे थापट्या बदके येतात, लांब लाल पायांचे शेकाटे दिसतात, चक्रवाकही उतरतात. ज्या लडाखमध्ये आपले जवान पहारा देतात, तिथल्या तळ्यांकाठी चक्रवाक उन्हाळ्यात पिले वाढवतात.

खारे पाणी पचवणे सोपे नाही. रोहित पक्ष्याच्या डोळ्यांजवळ क्षारग्रंथी असतात. जादा मीठ नाकपुड्यांवाटे गळून जाते. बदकांना मात्र गोडे पाणी जवळ लागते. म्हणून निरीक्षकाने आधी गोड्या पाण्याचा प्रवाह सरोवराला कुठे मिळतो ते शोधावे. पक्षी प्यायला आणि अंघोळीला तिथे येतात. सूर्य पाठीशी ठेवावा, आवाज करू नये. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजावेत, तेवढ्या जागेचा अंदाज घ्यावा आणि त्या मापाने पुढे सरकावे. अंतराचा अंदाज घ्यायला शिकलेल्या छात्राला हे जड जाऊ नये. तारीख, वेळ, जात आणि संख्या वहीत लगेच टिपावी. रात्री आठवून लिहिलेल्या आकड्यावर माझा तरी विश्वास नाही.

अशा नोंदींचे मोल राजस्थानातील सांभर या खाऱ्या सरोवराने दाखवले. नोव्हेंबर 2019 मध्ये तिथे सुमारे 18,000 पक्षी मेले. कारण होते बोट्युलिझम. प्राणवायू नसलेल्या चिखलात आणि कुजणाऱ्या मांसात एक जिवाणू विष तयार करतो. त्या विषाने पक्ष्याचे पंख, पाय आणि मान लुळी पडते. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, त्यांत विष साठते. त्या खाणारा दुसरा पक्षीही मरतो. मृत पक्षी लवकर उचलून पुरले किंवा जाळले, तर ही साखळी तुटते. एक दिवस उशीर झाला, तरी आकडा वाढत जातो.

म्हणून काठावर मान टाकून बसलेला, उडू न शकणारा पक्षी दिसला तर त्याला हात लावू नका, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका. जागा आणि वेळ नीट लिहून घ्या, असे पक्षी किती आहेत ते मोजा आणि त्याच दिवशी वनखात्याला कळवा. पालक बरोबर असतील, तर फोन त्यांनी करावा आणि आकडे तुम्ही सांगावेत.