नदी सरकली, शीव कोठे?

चिखलीहून बुलढाण्यास जाणारी सडक येळगावाजवळ एक नदी ओलांडते. चैत्र-वैशाखात तिच्याकडे पाहून नवख्या माणसास तिची योग्यता कळावयाची नाही. पण आम्हां चिखलीकरांस ती घरची आहे. ही पैनगंगा. बुलढाण्याच्या परिसरातील अजिंठ्याच्या डोंगरांत ती जन्मते, चिखली आणि मेहकर तालुक्यांतून पुढे जाते आणि सुमारे ४९५ किलोमीटरांचा प्रवास करून चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीस मिळते. आमच्या भागात ती केवळ नदी आहे. लोक तिच्या दोन्ही काठांस शेती करतात आणि अलीकडचा पलीकडच्यास परका मानीत नाही. पुढे मात्र तिच्या अंगी एक निराळाच अधिकार येतो. ती सीमा होते. तिच्या एका काठावर एका सरकारचा कायदा चालतो आणि दुसऱ्या काठावर दुसऱ्याचा.

आता नदी ही काही दगडी भिंत नव्हे. ती वाहते, काठ कोरते, एकीकडची माती उचलून दुसरीकडे टाकते, आणि एखाद्या महापुरात जुने पात्र सोडून नवे धरते. मग नदी सरकली म्हणजे तिच्याबरोबर सीमाही सरकते काय? आणि सरकत असेल तर रात्री एका राज्यात निजलेला शेतकरी सकाळी दुसऱ्या राज्यात जागा होतो काय? प्रश्न गमतीचा वाटेल. पण ज्याची चार एकर जमीन पाण्याच्या पलीकडे गेली, त्यास तो गमतीचा वाटत नाही. आजचे भाषण ह्याच प्रश्नाविषयी आहे.

प्रथम पैनगंगेचीच गोष्ट घेऊ. १८५३ साली हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कंपनीच्या कारभाराखाली दिला. चिखलीही त्या प्रांताबरोबर गेली. तेव्हापासून वऱ्हाड आणि निजामाचा मुलूख यांच्यामधील दक्षिणेची सीमा बऱ्याच लांबीपर्यंत पैनगंगेनेच राखली. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा हे दोन्ही प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. त्यामुळे उमरखेड आणि हदगाव या तालुक्यांमधून वाहणारी पैनगंगा, जी एके काळी दोन राजवटींची सीमा होती, ती आज केवळ यवतमाळ आणि नांदेड ह्या दोन जिल्ह्यांची शीव आहे. पण आणखी खाली जावे, तर एका काठास यवतमाळ आणि दुसऱ्या काठास आदिलाबाद आहे. तेथे ती अजूनही राज्यांची सीमा आहे. १९५६ पासून आंध्र प्रदेशाची आणि २ जून २०१४ पासून तेलंगणाची. पाणी तेच, पात्र तेच. काठावरची सरकारे तेवढी बदलली.

राज्यकर्त्यांनी सीमेसाठी नदीच का निवडावी, ह्याचे कारण सोपे आहे. नदी सर्वांस दिसते. तिला खांब रोवावे लागत नाहीत, नकाशा वाचता येण्याची अट नाही. गुराख्याच्या पोरासही कळते की पाण्यापलीकडे आपला मुलूख नाही. शिवाय आपल्या दख्खनच्या नद्या पुष्कळ ठिकाणी काळ्या कातळात खोल रुतलेल्या आहेत. त्यांचे काठ उंच आणि पात्र बहुतेक ठरलेले. म्हणून त्या सीमेचे काम बऱ्या रीतीने करतात. गंगा-यमुनेच्या मैदानात तसे नाही. तेथे शेकडो हात खोल गाळ आहे. त्या गाळात नदी आज येथे, तर दहा वर्षांनी कोसभर दूर असते.

पण 'नदी ही सीमा' एवढे म्हटल्याने काम भागत नाही. नदीला रुंदी आहे आणि सीमारेषेला रुंदी नसते. म्हणून नदीतील नेमकी कोणती रेषा हे सांगावे लागते. ह्याच्या तीन मुख्य रीती आहेत. पहिलीत एका काठाची रेषा धरतात. म्हणजे सबंध पात्र एकाच राज्याचे होते. दुसरीत दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावरची मध्यरेषा धरतात. तिसरीत पात्रातील सर्वांत खोल धार, जिच्यातून नावा चालतात, ती सीमा मानतात. तिसरी रीत न्यायाची दिसते, कारण दोघांसही नौकानयनाचा मार्ग खुला राहतो. मात्र तीच सर्वांत चंचल आहे. खोल धार दर पुरानंतर जागा बदलू शकते.

त्यातही दोन प्रकारचे बदल जगभर निराळे मानतात. नदी जर हळूहळू, कोणाच्या लक्षात न येईल अशा रीतीने काठ खात गेली आणि समोर मळई साचत गेली, तर सीमाही तिच्या मागोमाग सरकते, असा सामान्य नियम आहे. उलट, एखाद्या पुरात नदीने एकाएकी जुने पात्र सोडून नवी वाट फोडली, तर सीमा जुन्या, कोरड्या पात्रातच राहते. नियम शहाणपणाचा आहे. पण तो लावण्यासाठी बदल हळू झाला की एकाएकी, हे सिद्ध करावे लागते. चाळीस वर्षांपूर्वीच्या पुराची साक्ष कोण देणार? दोन्ही काठांवरचे वृद्ध आपापल्या गावास सोयीची आठवण सांगतात, आणि त्यांस दोष तरी कसा द्यावा?

एका राज्याच्या आत हा प्रश्न सोडविणे सुकर आहे. महाराष्ट्रात मळईच्या जमिनीविषयी आणि नदीने खाल्लेल्या जमिनीच्या साऱ्याविषयी १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात तरतुदी आहेत; तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी अशा एकाच शिडीवरून वाद वर चढतो. पण मधून राज्याची सीमा गेली की त्याच तुकड्यावर दोन तलाठी येतात, दोन सारे मागितले जातात, दोन पोलीस ठाणी हक्क सांगतात. किंवा याहून वाईट, दोघेही हात वर करतात. पेरणी करणारा एक आणि कापणीस येणारा दुसरा, असे झाले म्हणजे विळ्याची जागा लाठी घेते. म्हणून सीमा कोठे आहे ह्यापेक्षाही ती निश्चित आहे की नाही, हे काठावरच्या माणसास अधिक महत्त्वाचे असते.

उत्तर हिंदुस्थानात ही आपत्ती फार वर्षे अनुभवास आली. उत्तर प्रदेशातील बलिया जिल्हा आणि बिहारमधील शहाबाद व सारण हे जिल्हे यांच्यामध्ये गंगा आणि घाघरा यांची खोल धार हीच सीमा धरली जात असे. धार सरकली की गावे इकडची तिकडे. शेवटी दोन्ही राज्यांनी हा वाद एका तटस्थ गृहस्थाकडे सोपविण्यास मान्यता दिली. चंदुलाल माधवलाल त्रिवेदी ह्या अनुभवी प्रशासकांनी १९६४ साली आपला निर्णय दिला. त्यातील मुख्य कल्पना अशी की, सीमा नदीच्या लहरीवर न ठेवता जमिनीवर मोजून कायमची आखावी आणि तिच्यावर खांब उभारावेत. मग नदी कोठेही जावो. ह्या निर्णयास अनुसरून संसदेने १९६८ साली कायदा केला आणि १९७० च्या जून महिन्यात तो अमलात आला. यमुनेच्या काठी हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांच्यामध्ये असाच वाद होता. उमाशंकर दीक्षित यांच्या निवाड्यानंतर १९७९ साली संसदेने तेथेही सीमा बदलणारा कायदा केला. पुढे पुरांत तेथील पुष्कळ खांब वाहून गेले आणि कापणीच्या दिवसांत जुने तंटे पुन्हा डोके वर काढू लागले. कायदा एकदाच करता येतो. खांबांची निगा मात्र दरवर्षी राखावी लागते, हा त्यातील धडा.

ह्या दोन्ही ठिकाणी संसदेस कायदा का करावा लागला, असे कोणी विचारील. दोन मुख्यमंत्र्यांनी सही केली म्हणजे पुरे नाही काय? नाही. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. तसे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून मांडता येत नाही, आणि त्यापूर्वी संबंधित राज्यांच्या विधिमंडळांचे मत मागवावे लागते. ते मत संसदेवर बंधनकारक नसते. पण राज्यांचे आधी एकमत असले, तर कायदा केवळ त्या एकमतावर शिक्कामोर्तब करतो; ते नसले, तर कायदा होऊनही वाद उरतो. कायद्यात मतदारसंघांची आणि न्यायालयांत चालू असलेल्या दाव्यांचीही व्यवस्था लावावी लागते. परक्या राष्ट्रास भूमी द्यावयाची असेल, तर एवढ्याने भागत नाही. बेरूबारी प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी घटनादुरुस्ती आवश्यक ठरविली. म्हणूनच बांगलादेशाबरोबरच्या भूमीच्या अदलाबदलीसाठी २०१५ साली शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली.

परदेशांतील दोन उदाहरणे येथे बोधप्रद आहेत. बेल्जम आणि नेदरलंड्स यांची सीमा १८४३ साली म्यूज नदीवर ठरली. विसाव्या शतकात नौकानयनासाठी त्या नदीची वळणे सरळ केली गेली आणि बेल्जमची काही भूमी पाण्याच्या भलत्याच काठास राहिली. तेथे जावयाचे तर बेल्जमच्या पोलिसांस नावेतून उतरावे लागे, आणि पलीकडच्या डच पोलिसांस तेथे अधिकार नव्हता. असे ठिकाण गुन्हेगारांस आवडले नसते तरच नवल! तेथे एकदा शिर नसलेला मृतदेह सापडला आणि तपासाची फारच तारांबळ उडाली. अखेर दोन्ही राष्ट्रांनी २०१६ साली करार केला. १ जानेवारी २०१८ पासून बेल्जमने सुमारे १६ हेक्टर भूमी दिली आणि सुमारे ३ हेक्टर घेतली. हिशेब सारखा नव्हता, तरी कोणी कुरकुर केली नाही. कारण दोघांसही भूमीपेक्षा व्यवस्था अधिक मोलाची वाटली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. टेक्सस आणि ओक्लाहोमा ह्या राज्यांची सीमा रेड नदीच्या दक्षिण काठावर आहे. तिचे मूळ १८१९ च्या स्पेनबरोबरच्या तहात सापडते. पण 'काठ' म्हणजे नेमके काय, ह्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेले. १९२३ साली न्यायालयाने दिलेली व्याख्या सर्वेक्षकांखेरीज इतरांस जागेवर ओळखता येईना. शेवटी दोन्ही राज्यांनी करार केला आणि २००० साली अमेरिकेच्या काँग्रेसने त्यास संमती दिली. दक्षिण काठावर जेथे कायमची झाडी सुरू होते ती रेषा सीमा, असे त्यांनी ठरविले. ही रेषा नदीबरोबर सरकते खरी, पण साध्या शेतकऱ्यासही ती डोळ्यांनी दिसते. ह्या कराराने कोणाच्याही खासगी जमिनीच्या मालकीस धक्का लागणार नाही, हेही त्यांनी लिहून ठेवले. राज्याची हद्द निराळी आणि माणसाची मालकी निराळी, हा भेद श्रोत्यांनी अवश्य ध्यानात ठेवावा. हद्द बदलली म्हणून शेत बदलू नये.

आपल्या मुलखातही नदीवर सीमा आणून ठेवणारा एक जुना करार आहे. १८६० च्या तहाने निजामाने गोदावरी आणि तिला मिळणारी वैनगंगेची धार, म्हणजे आपण जिला प्राणहिता म्हणतो ती, यांच्या डाव्या काठावरचा आपला मुलूख इंग्रजांस दिला; आणि त्यास रायचूर दुआब व धाराशिवचा भाग परत मिळाला. इंग्रजांस गोदावरीतून निर्वेध नौकानयन हवे होते. दोन्ही पक्ष सारख्या बळाचे नव्हते, म्हणून ह्यास पुरते परस्परसंमतीचे नाव देणे कठीण आहे. पण त्या तहातील सिरोंचा आज गडचिरोली जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे, आणि समोरचा काठ तेलंगणात आहे. तहावर सह्या करणारी दोन्ही राज्ये गेली. त्यांनी आखलेली रेषा राहिली.

आज त्या रेषेवर प्रश्न भूमीचा नसून पाण्याचा आहे. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत महाराष्ट्र आणि तेलंगणा यांनी तीन बंधाऱ्यांविषयी करार केले: गोदावरीवर मेडीगड्डा, प्राणहितेवर तुम्मिडीहेट्टी आणि आमच्या पैनगंगेवर चनाखा-कोरटा. मेडीगड्डा येथे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १०० मीटर राहील असे ठरले. पुढे सिरोंचाकडील शेतकऱ्यांनी फुगवट्याचे पाणी आपल्या शेतांत शिरते अशी तक्रार केली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या बंधाऱ्याचे काही खांबच खचले. करार करताना रेषेबरोबर काठावरच्या माणसाचाही विचार किती बारकाईने करावा लागतो, हे ह्यावरून दिसते.

तेव्हा शेजाऱ्यांनी नदीवरची सीमा समजुतीने नीट करावयाची, तर चार गोष्टी आधी ठरवाव्यात. रेषा कोणती, ती नदीबरोबर सरकेल की स्थिर राहील, जमिनीचे हक्क कसे अबाधित राहतील, आणि खांबांची व नकाशांची निगा कोण राखील. ह्यांपैकी एकही गोष्ट सोडली, तर पुढच्या पुरात तीच वर येते.

आमच्या पैनगंगेस ह्यातले काहीच ठाऊक नाही. येळगावाजवळ ती आम्हांस पाणी देते, उमरखेडाजवळ जिल्हे वेगळे करते आणि आदिलाबादेपाशी राज्ये. तिचे काम वाहण्याचे. ते ती करीत राहील. शीव राखणे हे माणसांचे काम आहे, आणि शेजारी एकत्र बसून ते करतील, तरच काठावर पेरणाऱ्यास आपले पीक आपणच कापू, असा भरवसा राहील.