डिस्क बसली? आधी केबल बदला

पाटोद्यासारख्या गावात फोटो स्टुडिओवाल्याची अख्खी लग्नसराई एका हार्डडिस्कमध्ये असते. ती डिस्क संगणकावर दिसेनाशी झाली, तर आधी तिला हात लावून बघा. फिरल्याची थरथर जाणवत असेल, तर दुसरी केबल, दुसरा पोर्ट वापरून पाहा. दोष कित्येकदा तिथेच निघतो. पण कट्-कट् असा ठरावीक आवाज येत असेल, तर लगेच बंद करा. आतली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटर वर तरंगतं. घरात झाकण उघडलं, की धुळीचा एक कणही पुरे! डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपायही नकोच. बाहेर काढताच आत दव धरतं. विजेच्या झटक्याने सर्किट जळलं असेल, तर त्याच मॉडेलचा बोर्ड नुसता बसवून सहसा भागत नाही. त्या डिस्कची खास मापं जुन्या बोर्डावरच्या चिपमध्ये असतात. ती चिप नव्या बोर्डावर लावावी लागते. डिस्क अडखळत का होईना वाचत असेल, तर विंडोजचं चेकडिस्क चालवू नका. लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्या आणि फोटो त्या प्रतीतच शोधा.