स्मार्टफोनचे ओव्हरक्लॉकिंग

स्मार्टफोनमधील प्रोसेसर उत्पादकाने ठरवून दिलेल्या कमाल क्लॉक वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर चालविणे म्हणजे स्मार्टफोनचे ओव्हरक्लॉकिंग होय. जुना झालेला फोन अधिक वेगाने चालावा हा त्यामागील मुख्य हेतू असतो. ही प्रक्रिया प्रामुख्याने २००९ ते २०१५ या काळातील अँड्रॉइड फोनवर, तसेच नोकिया एन९०० सारख्या लिनक्सवर आधारित फोनवर प्रचलित होती. संगणकात पंखा किंवा द्रवशीतन बसवून वाढीव उष्णता बाहेर काढता येते. फोनमध्ये अशी सोय नसते आणि प्रोसेसरपासून काही मिलिमीटर अंतरावर लिथियम-आयन बॅटरी असते. त्यामुळे फोनच्या ओव्हरक्लॉकिंगची सुरक्षित मर्यादा प्रोसेसरच्या क्षमतेपेक्षा उष्णता आणि बॅटरी यांवरच अधिक अवलंबून असते.

संकल्पना

प्रोसेसरमधील सर्व क्रिया एका ठरावीक तालावर चालतात. हा ताल क्लॉक संकेतामुळे मिळतो आणि त्याची गती हर्ट्झ या एककात मोजतात. १ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या प्रोसेसरमध्ये दर सेकंदाला १०० कोटी स्पंदने होतात. प्रत्येक स्पंदनाच्या अवधीत ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून संकेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचणे आवश्यक असते. वारंवारता वाढविली की हा अवधी कमी होतो. संकेत वेळेत पोहोचला नाही तर गणनेचे उत्तर चुकते आणि फोन अडकतो, आपोआप बंद होऊन सुरू होतो किंवा चुकीची माहिती साठवतो.

एकाच कारखान्यात, एकाच आराखड्यानुसार तयार झालेल्या चिपदेखील तंतोतंत सारख्या नसतात. काही चिप कमी व्होल्टेजवर अधिक वेग गाठतात, तर काहींना त्याच वेगासाठी अधिक व्होल्टेज लागते. उत्पादकाला यांतील कमकुवत चिपदेखील उन्हाळ्यात, जुन्या बॅटरीवर आणि अनेक वर्षे चालेल असा वेग निवडावा लागतो. निवडलेला वेग आणि चिपचा प्रत्यक्ष कमाल वेग यांमधील अंतर ही सुरक्षेसाठी राखलेली जागा असते. ओव्हरक्लॉकिंगमध्ये हीच राखीव जागा वापरली जाते. परिणामी एका फोनवर स्थिर राहिलेली वारंवारता त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनवर स्थिर राहीलच असे नाही.

इतिहास

ओव्हरक्लॉकिंगची प्रथा वैयक्तिक संगणकांपासून सुरू झाली. १९८४ साली आलेल्या आयबीएम पीसी एटी या संगणकातील स्फटिक बदलून त्याचा वेग ६ मेगाहर्ट्झवरून ८ मेगाहर्ट्झपर्यंत नेला जात असे. १९९८ मधील इंटेल सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालत असल्यामुळे विशेष लोकप्रिय झाला.

स्मार्टफोनमध्ये ही प्रथा २००९ च्या सुमारास रुजली. त्या वर्षी आलेल्या मोटोरोला ड्रॉइड या फोनमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप ३४३० ही चिप होती. चिपची निर्धारित क्षमता ६०० मेगाहर्ट्झ असूनही फोनमध्ये ती ५५० मेगाहर्ट्झवर चालविली जात असे. नोकिया एन९०० मध्येही हीच चिप ६०० मेगाहर्ट्झवर चालत असे. दोन्ही फोनच्या वापरकर्त्यांनी बदललेल्या कर्नलच्या साहाय्याने ही मर्यादा ओलांडली. २०११ च्या अखेरीस आलेल्या गॅलेक्सी नेक्ससमधील ओमॅप ४४६० ही चिप १.५ गिगाहर्ट्झपर्यंत चालण्यासाठी बनविलेली होती. फोनमध्ये मात्र तिची कमाल वारंवारता १.२ गिगाहर्ट्झ ठेवण्यात आली होती. अशा फोनवर १.५ गिगाहर्ट्झपर्यंतची वाढ चिपच्या मूळ आराखड्याच्या आतच राहत असे. फोनच्या कवचातून उष्णता बाहेर पडण्याची मर्यादा मात्र कायम होती.

कार्यपद्धती

अँड्रॉइड लिनक्स कर्नलवर आधारित आहे. कर्नलमधील सीपीयूफ्रीक ही उपप्रणाली प्रोसेसरची वारंवारता नियंत्रित करते. प्रत्येक चिपसाठी वारंवारता आणि तिला लागणारे व्होल्टेज यांच्या जोड्यांची एक सारणी असते. कामाचा भार पाहून या सारणीतील कोणती जोडी वापरायची हे गव्हर्नर नावाचा भाग ठरवितो. ऑनडिमांड, कन्झर्व्हेटिव्ह, इंटरॅक्टिव्ह आणि शेडयुटिल हे काही प्रचलित गव्हर्नर होत.

मूळ कर्नलमधील सारणी निर्धारित कमाल वारंवारतेशी संपते. त्यामुळे केवळ एखादे ॲप बसवून ओव्हरक्लॉकिंग होत नाही. सारणीत वरच्या जोड्या समाविष्ट केलेला बदललेला कर्नल फोनमध्ये बसवावा लागतो. त्यासाठी बहुतेक अँड्रॉइड फोनवर प्रथम बूटलोडर अनलॉक करावा लागतो. या क्रियेत सामान्यतः फोनमधील सर्व वैयक्तिक माहिती पुसली जाते. त्यानंतर रूट अधिकार मिळविलेल्या ॲपमधून कमाल आणि किमान वारंवारता निवडता येते.

वीज आणि उष्णता

प्रोसेसरचा गतिशील वीजवापर ढोबळमानाने वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज तेच ठेवून वारंवारता १ गिगाहर्ट्झवरून १.२ गिगाहर्ट्झ केल्यास पूर्ण भारावरील गतिशील वीजवापर सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. वाढीव वेग स्थिर राहावा म्हणून व्होल्टेजही १.२० वरून १.३२ व्होल्ट केल्यास, म्हणजे १० टक्क्यांनी वाढविल्यास, हीच वाढ सुमारे ४५ टक्के होते. वेगातील लाभ दोन्ही वेळा २० टक्केच असतो.

याशिवाय ट्रान्झिस्टरांमधून सतत थोडी वीज झिरपत असते आणि तापमानासोबत ही गळती वाढते. गळतीमुळे उष्णता वाढते आणि उष्णतेमुळे गळती आणखी वाढते. हे चक्र रोखण्यासाठी फोनमध्ये तापमान संवेदक असतात. ठरावीक तापमान ओलांडताच प्रणाली वारंवारता खाली आणते. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. त्यामुळे ओव्हरक्लॉक केलेला फोन पहिली काही मिनिटे वेगवान वाटतो आणि नंतर मूळ वेगावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो.

सभोवतालच्या तापमानाचाही यात वाटा असतो. विदर्भात मे महिन्यात दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत जाते, आणि बहुतांश लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्यासाठीची वरची मर्यादाही साधारणतः तेवढीच असते. हिवाळ्यात स्थिर राहिलेली वारंवारता अशा ठिकाणी उन्हाळ्यात अस्थिर होऊ शकते.

धोके

माहितीची हानी: सर्वांत आधी जाणवणारा धोका प्रोसेसर जळण्याचा नसून माहिती बिघडण्याचा असतो. वेग मर्यादेपलीकडे गेल्यास फोन बंद न पडताही एखाद्या गणनेचे उत्तर चुकू शकते. ती चूक साठवणुकीत लिहिली गेल्यास छायाचित्रे, संदेश किंवा संपूर्ण फाइल प्रणाली खराब होऊ शकते.

बॅटरी: साधारण ५०० चार्जचक्रांनंतर लिथियम-आयन बॅटरीची क्षमता मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. त्यासोबत तिचा अंतर्गत रोधही वाढतो. हा रोध ०.२ ओहम असल्यास १ अँपिअर जादा प्रवाह घेताच व्होल्टेज ०.२ व्होल्टने खाली येते आणि चार्ज शिल्लक असतानाही फोन अचानक बंद पडू शकतो. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने झिजलेल्या बॅटरीच्या काही आयफोनमध्ये प्रोसेसरचा वेग मुद्दाम मर्यादित केला जात असल्याचे मान्य केले. त्यामागे अशा प्रकारे फोन अचानक बंद पडण्याचेच कारण देण्यात आले होते. जुन्या बॅटरीवर ओव्हरक्लॉकिंग करणे हे याच्या नेमके उलट पाऊल ठरते. फुगलेली बॅटरी असलेला फोन तर कोणत्याही वेगावर वापरणे धोक्याचे असते.

चिपची झीज: उच्च तापमान आणि उच्च विद्युत्प्रवाह यांमुळे चिपमधील सूक्ष्म धातुवाहिन्यांतील अणू हळूहळू सरकतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार विद्युत्प्रवाहाची घनता आणि तापमान वाढल्यास वाहिन्यांचे आयुष्य वेगाने घटते. ही झीज भरून निघत नाही.

सुरक्षा आणि हमी: बूटलोडर अनलॉक केल्याने उत्पादकाची हमी संपुष्टात येऊ शकते. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये अनधिकृत कर्नल बसविल्यास नॉक्स प्रणालीचा एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा बदलतो. रूट केलेल्या फोनवर भारतातील अनेक बँकांची आणि यूपीआय व्यवहारांची ॲप चालत नाहीत. घरातील एकमेव फोनवर आर्थिक व्यवहार होत असल्यास हा तोटा वेगातील लाभापेक्षा मोठा ठरतो.

सावधगिरीची पद्धत

ओव्हरक्लॉकिंग पूर्णतः निर्धोक करता येत नाही; धोका मर्यादित ठेवणाऱ्या पद्धतीत पुढील बाबी पाळल्या जातात.

प्रारंभी सर्व माहितीची प्रत फोनबाहेर ठेवली जाते आणि त्याच मॉडेलसाठीची मूळ प्रणाली संगणकावर तयार ठेवली जाते. मॉडेलच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी आतील चिप वेगळी असू शकते. म्हणून कर्नल नेमक्या मॉडेल क्रमांकासाठीच असल्याची खात्री केली जाते. बॅटरी झिजलेली असल्यास आधी ती बदलली जाते.

वारंवारता एका वेळी ५० ते १०० मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनीच वाढविली जाते. प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान आणि स्थिरता पाहिली जाते. पहिली चूक दिसताच व्होल्टेज न वाढविता एक ते दोन टप्पे खाली येणे हे सुरक्षित पद्धतीचे मुख्य सूत्र आहे. तापमान मर्यादेची प्रणाली बंद केली जात नाही. चार्जिंग चालू असताना, फोन जाड कव्हरमध्ये असताना किंवा उन्हात असताना अशी चाचणी घेतली जात नाही.

ॲपमधून निवडलेली वारंवारता सामान्यतः फोन पुन्हा सुरू होताच नाहीशी होते. हीच सर्वांत उपयुक्त सुरक्षा असते. त्यामुळे फोन सुरू होताना वाढीव वेग आपोआप लागू करण्याचा पर्याय काही दिवसांची स्थिरता दिसेपर्यंत बंद ठेवला जातो. कर्नलमध्येच वाढीव वारंवारता मूळ मूल्य म्हणून दिलेली असल्यास मात्र फोन पुन्हा सुरू करून उपयोग होत नाही; तेव्हा रिकव्हरीमधून जुना कर्नल परत बसवावा लागतो.

लाभाची मर्यादा

प्रोसेसरचा वेग वाढल्याने केवळ प्रोसेसरच्या वाट्याचे काम लवकर होते. एखादे ॲप उघडण्यास १० सेकंद लागत असून त्यांपैकी ४ सेकंद गणनेत आणि ६ सेकंद साठवणुकीतून माहिती वाचण्यात जात असतील, तर वेग २५ टक्क्यांनी वाढविल्यावर गणनेला ३.२ सेकंद लागतात आणि ॲप ९.२ सेकंदांत उघडते. म्हणजे प्रत्यक्ष बचत ८ टक्केच होते. जुने फोन संथ होण्यामागे अपुरी रॅम, भरत आलेली साठवणूक आणि ॲपचा वाढता आकार ही कारणे अनेकदा प्रोसेसरपेक्षा महत्त्वाची असतात.

पर्याय

साठवणुकीत पुरेशी जागा रिकामी करणे, नको असलेली ॲप काढून टाकणे, भरगच्च ॲपऐवजी त्यांच्या हलक्या आवृत्त्या वापरणे आणि बॅटरी बदलणे या उपायांसाठी रूट अधिकार लागत नाहीत. जुलै २०१३ मधील अँड्रॉइड ४.३ पासून ट्रिम ही सुविधा उपलब्ध झाली. तिच्यामुळे वापरातून मोकळी झालेली जागा साठवणूक चिपला कळते आणि लिहिण्याचा वेग टिकून राहतो. बूटलोडर अनलॉक करण्याची तयारी असल्यास मूळ वारंवारतेवरच चालणारी हलकी प्रणाली बसविणे किंवा गव्हर्नर बदलणे हेही पर्याय असतात. याउलट, वारंवारता मुद्दाम कमी ठेवून फोन थंड राखणे आणि बॅटरी अधिक काळ पुरविणे याला अंडरक्लॉकिंग म्हणतात.

सद्यस्थिती

नंतरच्या अनेक चिपमध्ये वारंवारता आणि व्होल्टेज यांचे नियंत्रण कर्नलकडून फर्मवेअरकडे गेले. त्यामुळे केवळ कर्नल बदलून निर्धारित मर्यादा ओलांडणे अशा फोनवर बहुधा शक्य नसते. आधुनिक प्रोसेसर क्षणिक कामासाठी स्वतःच उच्च वारंवारता गाठतात आणि उष्णता वाढताच खाली येतात. राखीव जागेचा मोठा भाग उत्पादकच वापरत असतो. परिणामी ओव्हरक्लॉकिंग आता मुख्यतः जुन्या, दैनंदिन वापरातून बाजूला पडलेल्या आणि महत्त्वाची माहिती नसलेल्या फोनपुरते उरले आहे.