जुन्या ध्वनियंत्रांची विक्री : व्यापारी की खाजगी ग्राहक?

जळगावच्या सराफ बाजारात जुना दागिना मोडावयास नेला असता वजन, कस व त्या दिवसाचा भाव या तीन गोष्टींवरून त्याची किंमत थोड्याच वेळात ठरते. परंतु त्याच शहरातील एखाद्या संगीतप्रेमी गृहस्थाच्या पश्चात त्याचे उंची अॅम्प्लिफायर, टर्नटेबल व स्पीकर विकण्याची वेळ कुटुंबीयांवर आली, तर अशी कसोटी हाती नसते. व्यापारी एक किंमत सांगतो. हौशी ग्राहक तिच्याहून बरीच अधिक देऊ करतो. हे अंतर म्हणजे व्यापाऱ्याचा निव्वळ नफा होय काय?

या यंत्रांचे दोष बाहेरून दिसत नाहीत. अॅम्प्लिफायरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचा द्रव उष्णतेने सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारणतः निम्म्यावर येते. खानदेशच्या उन्हाळ्यात ही गोष्ट उपेक्षणीय नव्हे. टर्नटेबलची सुई झिजते, स्पीकरची फोमची कड भुसभुशीत होते. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले, की गुणदोष केवळ विक्रेत्यास ठाऊक असले म्हणजे ग्राहक सर्वच मालास कमी भाव देतो आणि चांगला माल बाजारातून मागे हटतो. वारसांच्या बाबतीत मात्र ही स्थिती उलटी होते. यंत्राचे मर्म त्यांच्यापेक्षा व्यापाऱ्यासच अधिक कळते. म्हणून फसगतीचा धोका येथे विक्रेत्यास असतो.

व्यापाऱ्याच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. तपासणी, दुरुस्ती, अडकून पडलेले भांडवल आणि खरेदी-विक्रीच्या फरकावरील कर हे सारे त्या अंतरातूनच भागवावे लागते. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सदोष मालाबद्दल व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते. घरातील वस्तू एकदाच विकणारा गृहस्थ या अर्थी व्यापारी ठरत नाही.

समजा, व्यापारी ४०,००० रुपये व मुंबईचा खाजगी ग्राहक ५५,००० रुपये देऊ करतो. तपासणी-दुरुस्तीस ४,००० व पेट्या-वाहतुकीस ५,००० रुपये लागले, तर १५,००० रुपयांच्या फरकातून ६,००० उरतात. वाटेत यंत्र निकामी होण्याची शक्यता दहात एक असून तो तोटा विक्रेत्याच्या माथी असेल, तर आणखी ५,५०० रुपये वजा होऊन लाभ अवघा ५०० रुपये राहतो. उलट ग्राहक स्वतः येऊन, यंत्र ऐकून घेऊन गेला, तर लाभ ११,००० रुपयांवर जातो. जळगाव मुंबईच्या मुख्य लोहमार्गावर आहे. धुळ्यात मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग मिळतात. तेव्हा ग्राहकाने येणे अशक्य नाही. मात्र अशा यंत्रांचे दर्दी दोन्ही शहरांत थोडे असल्याने वाट पाहण्याची तयारी हवी.

यावरून असे दिसते, की दोन भावांतील अंतर हे मुख्यतः अनिश्चिततेचे मोल होय, आणि ती जो दूर करतो त्याच्या पदरी ते पडते. वारसांनी खरेदीशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून यंत्र आधी तपासून घ्यावे, मूळ पावत्या जपाव्यात व यंत्र चालवून दाखवावे. इतके करणे शक्य नसेल व पैशाची निकड असेल, तर व्यापाऱ्यास देणे गैर नाही. परंतु तेही एकाहून अधिक व्यापाऱ्यांचे भाव घेऊनच.