लीड्सचं छप्पर, मँचेस्टरची रात्र

नोव्हेंबरातला शुक्रवार. दुपारचे साडेचार वाजलेत, बाहेर अंधार पडलाय आणि लीड्सच्या कर्कगेट मार्केटमध्ये मासळीवाल्यांची आवराआवर चाललीय. बर्फावर उरलेले बांगडे आता निम्म्या भावात निघतायत. डोक्यावर लोखंडी कमानी, सज्जाला खांद्यावर तोलून धरणारे बिडाचे ड्रॅगन, आणि खाली मोजे, पडदे, मोबाइलची कव्हरं, चीज, कोथिंबीर. याच बाजारात १८८४ साली मायकेल मार्क्स या स्थलांतरित ज्यू फेरीवाल्याने एका पेनीला एक वस्तू विकायला सुरुवात केली. पुढे त्याचीच ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ झाली. कंपनीच्या शताब्दीचं घड्याळ इथेच उभं आहे. त्याच्याखाली एक आजोबा पिशवी पायाशी ठेवून कुणाची तरी वाट पाहतायत.

“मावशी, चल ना, आर्केड बंद होतील,” भाची हाताला धरून ओढते. ती इथल्या विद्यापीठात शिकते आणि लीड्स तिला तळहातासारखं पाठ आहे.

रस्ता ओलांडला की कौंटी आर्केड. फ्रँक मॅचमने बांधलेलं, ज्याने पुढे लंडनचं पॅलेडियम उभारलं. नाटकगृहं बांधणारा माणूस दुकानांची गल्ली बांधतो तेव्हा काय होतं ते इथे दिसतं: संगमरवरी खांब, मोझेइक, काचेचे घुमट. चालणारा प्रत्येक जण रंगमंचावर आल्यासारखा जरा ताठ होतो. शेजारच्या क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर तर सबंध रस्त्यावरच ब्रायन क्लार्कचं रंगीत काचेचं छत आहे, १९९० मधलं. पाऊस त्या काचांवर वाजतोय आणि आम्ही कोरडे, सावकाश, एका खिडकीपासून दुसरीपाशी. मला हे शहर इथेच आवडून जातं. ज्या प्रदेशात पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही तिथे रस्त्यालाच छप्पर घालण्याइतकी माणसाची काळजी इथल्या बांधणाऱ्यांनी केली.

किमती मात्र वाचूनच पुढे जायच्या. हार्वे निकल्स हे महागडं दुकान १९९६ मध्ये लंडनबाहेर पहिल्यांदा आलं ते इथेच. भाची कोट घेते तो कॉर्न एक्स्चेंजमधून, एका छोट्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून. लंबगोल इमारत, वर प्रचंड घुमट. धान्याचा दाणा पारखायला स्वच्छ उजेड लागतो म्हणून छताला उत्तरेकडून काच. आता त्या घुमटाखाली ती कोटाची शिवण उलटून पाहतेय, अस्तर चाचपतेय. कोट लोकरीचा आहे. लीड्स वाढलं तेच लोकरीवर.

जेवायला मिल हिलवरच्या ‘बंदोबस्त’मध्ये. २०१४ साली सुरू झालेली ही जागा शाकाहारी, गुजराती धाटणीची. लांब बाकांवर अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून बसलीत. वडापाव येतो. वड्याला लसूण आहे, चटणीला तिखट आहे, आणि समोरचा यॉर्कशरचा तरुण डोळ्यांत पाणी येऊनही सोडत नाही. मी मनापासून खाते.

रात्री दहाला कॉल लेन. अरुंद रस्ता, बारला लागून बार, कुणाच्याच अंगात कोट नाही. एका दारातून निघायचं, दुसऱ्यात शिरायचं. सगळं पायांखाली, दहा मिनिटांच्या परिघात. लीड्सच्या रात्रीचं सुख तेवढं आणि दुखणं त्याच्या पुढचं. इथली ट्राम १९५९ मध्ये बंद झाली, नव्या ट्रामची योजना २००५ मध्ये सरकारने गुंडाळली. साडेबाराला हेडिंग्लीकडे जाणाऱ्या मुली टॅक्सीचे पैसे वाटून घेताना बघते आणि मला त्या रद्द झालेल्या कागदांचा खरंच राग येतो.

शनिवारी दुपारी गाडी पेनाइन्स ओलांडते. दगडी कुंपणं, मेंढ्या, मार्सडेन, मग सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा. पलीकडे लोकर संपते, कापूस सुरू होतो.

मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये मी मान वर करून उभी आहे. कापडाचा बाजार १९६८ मध्ये बंद झाला, त्या शेवटच्या दिवसाचे भाव फलकावर अजून तसेच आहेत. दालनाच्या मधोमध पोलाद-काचेचं गोल नाट्यगृह अवकाशयानासारखं उतरलंय. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापूस अडला तेव्हा मुंबईहून भरलेली जहाजं लँकेशरच्या गिरण्यांसाठी निघाली, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये ओसरलाही. खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा घाम या घुमटाखाली आकड्यांत बोलला गेला असणार. भाची फलकाचा फोटो काढते, मग गप्प उभी राहते.

बाहेर कॉर्पोरेशन स्ट्रीट. १५ जून १९९६ ला आयआरएचा बॉम्बचा ट्रक इथल्या मार्क्स अँड स्पेन्सरपाशी फुटला. लोकांना आधी हलवलं होतं म्हणून मृत्यू नाही, जखमी दोनशेहून अधिक. लाल टपालपेटी तेवढी शाबूत राहिली. आजची चकचकीत दुकानं त्या ढिगाऱ्यावर उभी आहेत, आणि खरेदीसाठी मी त्यांच्यापेक्षा कालची आर्केडच निवडेन. अपवाद ॲफ्लेक्सचा: चार मजले, रंगवलेले जिने, बिल्ले, विग, तबकड्या, टॅटू, कुणी शाळकरी मुलगी पहिल्यांदाच स्वतःच्या मनाचे बूट घेतेय.

मग नॉर्दर्न क्वार्टरमधल्या सोप स्ट्रीटवर ‘धिस अँड दॅट’. ताटात भात, त्यावर तीन रस्से, बस्स. आसपासच्या कपड्यांच्या घाऊक दुकानांतल्या कामगारांसाठी अशा खानावळी निघाल्या. आज शेजारच्या टेबलावर विद्यार्थी आहेत, टॅक्सीवाला आहे, ऑफिसातले दोघे आहेत. लीड्सला मी छान जेवले. इथे पोट आणि मन दोन्ही भरतंय.

अंधार पडल्यावर मँचेस्टर फाटे फोडतं. कॅनॉल स्ट्रीटवर कालव्याच्या काठाने इंद्रधनुषी झेंडे आणि हातात हात घातलेल्या जोड्या. पिकॅडिली स्टेशनच्या मागे मेफील्डच्या जुन्या रेल्वे डेपोकडे तरुणांची रीघ, वेअरहाउस प्रोजेक्टच्या नाचासाठी. हासिएन्दा क्लब १९९७ मध्ये संपला, त्या जागी आता त्याच नावाच्या सदनिका आहेत, पण त्याचा ठेका या रांगेच्या पायांत आहे. इथे कुठे जायचं ते आधी ठरवावं लागतं. ठरलं की पिवळ्या ट्राम आणि बस आहेत.

भाचीची मैत्रीण दारू पीत नाही. कॉल लेनवर काल ती असती तर लिंबूपाणी घेऊन कोपऱ्यात बसली असती. आज ती आम्हाला अकराच्या बसने रशोमला नेते, विल्मस्लो रोडच्या करी माइलवर. उर्दू, अरबी पाट्या, निखाऱ्यावरचे कबाब, आणि रात्री साडेअकराला आज्या, सुना, झोपाळलेली पोरं, सगळं कुटुंब टेबलाभोवती. ग्लासाशिवायही रात्र इतकी मोठी होते.

“मावशी, फालुदा की कुल्फी?” मैत्रीण विचारते. ती मला मावशीच म्हणते. भाची तिच्याआधीच दोन्ही मागवून मोकळी होते, शेजारचं चिमुरडं आमच्या टेबलाकडे सरकतं, आणि वेटर हसत एक चमचा जास्तीचा ठेवून जातो.